लिमिट वाढल्याचे पेढे

मोखाड्याहून जव्हारला जाताना एसटीत शेजारच्या अनोळखी माणसाने पेढे पुढे केले. "घ्या सर. क्रेडिट कार्डाची लिमिट डबल झाली. आज जव्हारात मोटारसायकल घेतो."

बँकेचा मेसेज पुन्हा पुन्हा वाचताना तो स्क्रीन बाहीने पुसत होता.

"दर महिन्याला पूर्ण बिल भरता?" मी विचारलं.

"मिनिमम भरतो की. एकदा चुकवला नाय. म्हणून तर बँकेनी लायक धरला."

मला संताप आला. उरलेल्या रकमेवर भरमसाठ व्याज लावायचं आणि वर अभिनंदन कळवायचं, ही कसली रीत? मी त्याला सगळं समजावलं.

"तुमची वाढली नाय वाटतं," तो हसला.

"वाढली होती. त्यावर घेतलेली मोटारसायकल विकली, व्याज अजून भरतोय." हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

जव्हारला उतरल्यावर त्याने कंडक्टरला विचारलं, "मोखाड्याची परतीची एसटी किती वाजता?"