खफजी ते रियाध, बर्फ बघायला

"रियाधला बर्फ बघायला चाललेय," म्हटल्यावर आमच्या खफजीतल्या बिल्डिंगमधल्या एका बाईनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता. माझी धाकटी लेक सुमैया तिथं बायकांच्या आइस हॉकीच्या संघात आहे. पगारी संघ, आणि त्याचा हा पहिलाच सीझन. संघाचं नाव लिहायचं नाही, अशी लेकीची ताकीद आहे. ती गोली आहे, म्हणजे जाळीच्या तोंडाशी उभी राहून अडवणारी. या खेळात चेंडू नसतो, काळ्या रबराची चकती असते. मी मॅट्रिक झाले तेव्हा बर्फ मला दोनच ठिकाणी ठाऊक होता, भूगोलाच्या पुस्तकात आणि रत्नागिरीच्या मासळीबाजारात.

पोरगी बर्फावर गेली कशी, असं नातेवाईक मला दबक्या आवाजात विचारतात. त्याला कारण माझी काटकसर. पूर्वी आम्ही धाहरानजवळ राहायचो. उन्हाळ्यात घरचा एसी दिवसभर चालवण्यापेक्षा मी पोरांना घेऊन मॉलमध्ये बसायची. थंडावा मॉलचा, बिल मॉलचं. तिथं खाली बर्फाचं मैदान होतं. सुमैया काचेला नाक लावून तासन्‌तास बघायची. शिकवणाऱ्या फिलिपिनो बाईला दया आली आणि तिनं कोणाचे तरी जुने बूट देऊन तिला आत घेतलं. फुकट होतं म्हणून मीही अडवलं नाही. विजेचे पैसे वाचले, लेक हॉकीत गेली.

आता मुद्द्याचं. सीझनचा शेवटचा सामना तोंडावर आला आणि आमच्या ह्यांचा फोन आला. हे खफजीच्या समुद्रात तेलाच्या कामावर असतात, पंधरवडा पाण्यावर आणि पंधरवडा घरी. म्हणाले, "अगो, पुढच्या सीझनसाठी तिला सही करायला बोलावलंय. ती आपल्याला विचारतेय. मी पाण्यात, इथून काय दिसणार? तू जा, बघ. राहा म्हणालीस तर राहील, चल म्हणालीस तर येईल."

खरं सांगते, माझं मन 'चल' कडे होतं. खफजीतल्या शाळेत खेळाच्या शिक्षिकेची जागा निघाली होती. पगार कमी, पण भाडं नाही, जेवण घरचं, आणि पोरगी नजरेसमोर. संघ तर अख्खा सीझन एकही सामना जिंकलेला नव्हता, आणि सुमैयाला जवळपास सगळा सीझन बाकावरच बसवलेलं. बसायचा पगार मिळतो हे ऐकून ह्यांना कौतुक वाटलं होतं, मला काळजी. आता मोठी गोली, एक परदेशी मुलगी, गुडघा दुखवून घरी गेली होती, म्हणून शेवटच्या सामन्यात सुमैया उभी राहणार होती.

सोबतीला शेजारच्या फरीदाभाभी. मूळच्या श्रीवर्धनच्या. त्यांच्या नवऱ्याचं दुकान आहे, माल आणायला त्यांची गाडी दम्मामला जाते. रिकामीच जाते, म्हणून आम्ही तीत बसलो. फरीदाभाभींना हॉकीत रस नव्हता. पोरी कसल्या कपड्यांत खेळतात ते बघून श्रीवर्धनला कळवायचं होतं. तसं त्या बोलल्या नाहीत, पण निघण्याआधी फोन दोनदा चार्ज केला.

सकाळची नमाज झाली, सफरची दुआ म्हटली आणि निघालो. रस्ता सरळ आणि चांगला. बघण्यासारखं काही नाही, उंट सोडले तर. मध्ये पेट्रोलपंपावर करक चहा घ्या, दोन रियालला मिळतो आणि दूध आटवलेलं असतं. दम्मामहून रियाधची रेल्वे आहे. तिकीट आधी काढलं तर स्वस्त पडतं, आयत्या वेळी गेलात तर तेवढ्या पैशात विमानानंच जावं असं वाटतं. इकामा, म्हणजे इथं राहण्याचा परवाना, जवळ ठेवा, बघतात. स्टेशनवर बायकांसाठी नमाजाची खोली स्वच्छ आहे. गाडीत खाणं महाग, म्हणून मी तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी घेतली होती. डबा उघडला तशी आमच्या पुढच्या दोन्ही सीट रिकाम्या झाल्या. पाय पसरून गेलो.

रियाधला सुमैया स्टेशनवर आली होती. खोली तिचीच, म्हणजे राहण्याचा खर्च शून्य. मी सगळं तपासलं. फ्रिजमध्ये अंडी, दही आणि कसल्या तरी पावडरचा मोठा डबा. नमाजाचा जानमाज अंथरलेला होता, त्याला धूळ नव्हती. हे दोन गुण तिच्या बाजूनं. मांडीवर मात्र ताटलीएवढा काळानिळा डाग.

"हे काय?"

"चकती लागली, अम्मी. नॉर्मल आहे."

"अडवायला एवढी जाळी मागे ठेवलीय ना? तिला लागू दे."

"अम्मी, प्लीज. तिला लागली की गोल होतो."

दुसऱ्या दिवशी सामना. खेळाडूच्या घरच्यांना तिकीट फुकट, फरीदाभाभी मावशी म्हणून आत आल्या. पाणी बाहेरून पिऊन जा, आत बाटलीला पाच रियाल घेतात. आणि शाल न्या, दोन न्या. बाहेर वाळवंट आहे म्हणून फसू नका, आत मासळी ठेवावी इतका गारठा.

सोहळा मोठा होता. पुढच्या रांगेत सोफे मांडले होते, समोर खजूर, कहवा. धूर सोडला, दिवे फिरले. एका गृहस्थांनी अरबीत आणि मग इंग्रजीत भाषण केलं, स्त्रीशक्तीवर. ती स्त्रीशक्ती तोवर बर्फावर ताटकळत उभी होती. मग उंटाचा मुखवटा घातलेला, गळ्यात मफलर बांधलेला एक माणूस नाचत आला आणि पहिल्याच ठेक्याला आडवा झाला. त्याला उचलायला आलेले दोघेही आडवे झाले. सोफ्यावरच्या पाहुण्यांनी पोरींबरोबर फोटो काढले, आणि सामना सुरू व्हायच्या आत सोफे रिकामे. खजूर मात्र राहिले होते. फरीदाभाभींनी ते वाया जाऊ दिले नाहीत.

प्रेक्षक म्हणजे एका शाळेतून बसनं आणलेल्या मुली, त्यांच्या बाई, आणि आम्ही. गळ्यात ओळखपत्र घातलेला एक हैदराबादी मुलगा आमच्याकडे धावत आला. "आंटी, जरा फैल के बैठो ना, सीटें खाली दिख रहीं." आम्ही लांब लांब बसलो. थोड्या वेळानं परत आला. "आंटी, अब पास पास बैठो, कैमरा इधर आ रहा." आम्ही जवळ आलो. मग कॅमेरा समोरच्या बाजूला गेला, तर आम्हालाही तिकडं नेलं. असं करत करत आम्ही नेमक्या सुमैयाच्या संघाच्या बाकामागे, काचेला लागून बसलो. उद्या टीव्हीवर गर्दी दिसली तर तिच्यातल्या बऱ्याच जणी मी आणि फरीदाभाभी आहोत.

मग पोरी खेळायला उतरल्या. फरीदाभाभी पुढे वाकल्या, आणि हिरमुसल्या. डोक्याला शिरस्त्राण, तोंडावर जाळी, अंगभर गाद्या, हातात मोजे. सुमैया तर गोली, तिच्या पायांना उश्या बांधल्यासारख्या.

"हिची तर नखं पण दिसत नाहीत हो," फरीदाभाभी म्हणाल्या.

"माझ्या बुरख्यापेक्षा कपडा जास्त आहे तिच्या अंगावर," मी म्हटलं. "कळवा श्रीवर्धनला."

खेळ सोपा आहे. सहा इकडे, सहा तिकडे, त्यात एकेक गोली. वीस मिनिटांचे तीन भाग. मध्ये एक गाडी येऊन बर्फावरचे ओरखडे पुसते आणि पाण्याचा हात फिरवते. शेणानं सारवलेलं अंगण ओलं असताना जसं तकाकतं, अगदी तसं. मला सगळ्यात तीच आवडली.

दुआ मागताना जरा अडचण झाली. समोरच्या संघातही मुसलमान पोरी होत्या, त्यांच्या आयाही कुठं ना कुठं हात पसरून असणार. म्हणून मी जिंकण्याचं काही मागितलं नाही. एवढंच मागितलं की माझ्या लेकीची शोभा होऊ देऊ नकोस.

आणि सुमैया अडवत होती! पायानं, हातानं, एकदा तर अख्खी आडवी पडून. घरी एक ग्लास उचलायला सांगितला तर ऐकू न येणारी पोर. दोन गोल झाले, पण कितीतरी तिनं थोपवले. शाळेच्या बाईंनी हात वर केला की मुली टाळ्या वाजवायच्या, हात खाली आला की बंद. तरी मला बरं वाटत होतं. आमच्या संघानंही एक गोल केला. दोनास एक.

शेवटची दोनेक मिनिटं उरली होती. तेवढ्यात बाकाशी उभ्या असलेल्या कोचबाईंनी सुमैयाला हातानं खूण केली. या फिनलंडच्या, भुवयासुद्धा पांढऱ्या. आणि माझी लेक जाळी सोडून, पाठ फिरवून, बाकाकडे पळत सुटली!

इतकं चांगलं अडवत होती आणि भर मैदानातून हाकलली? का तीच घाबरून पळाली? मागे जाळी सताड उघडी, तिथं कोणी नाही. मी उठले, काचेवर दोन्ही हात आपटले आणि ओरडले, "सुमे! दार उघडं टाकून कुठं चाललीस? माघारी फिर!"

माझा आवाज आमच्या वाडीत खाडीपलीकडे जायचा. त्या बंद मैदानात तो कसा घुमला असेल, विचार करा. सुमैया थबकली. माझ्याकडे बघितलं, आणि वळली. तेवढ्यात समोरच्या एका मुलीनं लांबून चकती मारलेली. ती रिकाम्या जाळीकडे सावकाश, ऐटीत चालली होती. सुमैयानं अंग झोकून दिलं आणि काठीच्या टोकानं ती बाहेर ढकलली.

अख्खं मैदान ओरडलं. शाळेच्या मुली, त्यांच्या बाई, तो हैदराबादी मुलगा, जमिनीवर बसलेला उंट, सगळे. यावेळी कोणी हात वर केला नव्हता. फरीदाभाभींनी तिथल्या तिथं श्रीवर्धनला आवाज पाठवला, "वाचवला! आमच्या सुमैयानं वाचवला!"

मग शिट्टी वाजली. पंच सुमैयाकडे बोट दाखवत होते आणि कोचबाई डोक्याला हात लावून उभ्या होत्या. काय झालं ते मला नंतर कळलं. आपण हरत असलो की शेवटी गोलीला मुद्दाम बाहेर बोलावतात आणि तिच्या जागी गोल करणारी एक जास्त मुलगी पाठवतात. ती मुलगी उतरली होती, आणि माझी माघारी फिरली. बर्फावर सहाच्या सात झाल्या. म्हणजे सीझनमधली सगळ्यात मोठी टाळी ज्या अडवण्याला पडली, ते कायद्यात बसत नव्हतं. दंड म्हणून एक मुलगी कमी झाली, वेळ संपली, आम्ही हरलो. हे फरीदाभाभींनी दुसऱ्या निरोपात सांगायचं ठरवलं होतं. तो निरोप अजून गेलेला नाही.

सामना संपल्यावर कोचबाई सुमैयाजवळ आल्या, माझ्याकडे बघत काहीतरी बोलल्या. "काय म्हणते?" मी विचारलं.

"म्हणते, पुढच्या सीझनला आईला बेंचपासून लांब बसव."

रात्री आम्ही मंदी, म्हणजे इकडचा मटण-भात, खायला गेलो. एक थाळी सांगा, तिघींना पुरते आणि भात उरतो. फरीदाभाभी हात धुवायला गेल्या तेव्हा मी म्हटलं, "पण जाळी उघडी टाकायची म्हणजे काय रीत झाली? अजून एक गोल पडला असता तर?"

"पडतो कधी कधी. पण हरतच असतो ना, अम्मी. मग दारात उभं राहून काय राखायचं?"

मला आठवलं, हे पहिल्यांदा सौदीला निघाले तेव्हा घरात मागे दुसरा पुरुष नव्हता. माझी सासू पण दारातून असंच 'माघारी फिर' ओरडली होती, आणि हे वळले नव्हते.

सुमैया भात चिवडत होती. म्हणाली, "बाबा म्हणाले तू ठरवणार आहेस. एक सांगू? मला माहीत होतं बाहेर यायचंय. सगळा सीझन मी बाकावरून तेच बघितलंय. तरी तुझी हाक आली आणि पाय वळले. डोक्याला विचारलंच नाही त्यांनी." मग माझ्याकडे न बघता बोलली, "तू चल म्हणालीस तर मी येईन, अम्मी. तिथं शाळेत छान शिकवेन पण. म्हणून तू चल म्हणू नकोस."

फरीदाभाभी आल्या आणि उरलेला भात बांधून घेतला.

परतीचा प्रवास तोच, रेल्वे आणि मग दुकानाची गाडी. यावेळी माल भरलेला होता, म्हणून खफजीपर्यंत मी मांडीवर टोमॅटोची पेटी घेऊन बसले. एकूण खर्च माझ्या अंदाजापेक्षा कमी आला. शाल विसरले होते, तेवढी नवी घ्यावी लागली.

हे समुद्रावरून आले. हातपाय धुतले, चहा हातात घेतला. "मग? काय सांगितलंस तिला?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे तोंड बंद ठेवलं."

ह्यांनी कप खाली ठेवला. "तू?"

शुक्रवारी जुम्म्यानंतर तिचा फोन आला. शाळेतली ती जागा अजून भरलेली नव्हती. मी त्या रस्त्यानं जाता जाता विचारून आले होते, उगाच.

"अम्मी, सही केली."

मी म्हटलं, "बरं. पुढच्या वर्षी माझी सीट बेंचपासून लांब ठेव. आणि फुकटचीच घे."