फिल्मच्या कोपऱ्यातला ‘के’

फोटोकाकांच्या बडनेऱ्याच्या घरात दुपारचं ऊन माणसांच्या बरगड्यांतून आत येई. खिडक्यांच्या फुटक्या तावदानांच्या जागी त्यांनी वाया गेलेल्या एक्स-रे फिल्म लावल्या होत्या. फरशीवर निळसर उजेड पडे आणि त्यात कुणाची मान, कुणाचा पंजा हळूहळू भिंतीकडे सरकत जाई. “लोकायच्या घरी पडदे असतेत,” काकू म्हणत, “आमच्या घरी हाडं हायेत.” काका नुसते हसत.

अमरावतीच्या एका खासगी दवाखान्यात ते एक्स-रे काढत. खेड्यातली माणसं एक्स-रेला फोटोच म्हणतात, म्हणून ते फोटोकाका. त्यांच्याजवळ डिप्लोमा नव्हता. साफसफाईच्या कामावर आले आणि बघून बघून शिकले. डिप्लोमा घेऊन आलेली मुलंही त्यांच्याच हाताखाली तयार होत आणि वर्षभरात त्यांच्यापेक्षा जास्त पगार घेत. थंडीत फिल्मची पेटी ते आधी स्वतःच्या छातीशी धरून ठेवत, मग रोग्याला लावत. “उघड्या आंगाले गार लागते ना बाप्पा!”

बारावीनंतर मी तिथे शिकायला लागले. महिन्याला बसभाडं सुटेल एवढे पैसे मिळत. वर्षभरात हात बसला तर पुढे डिप्लोमा, नाहीतर कायमचं घरी, असं वडिलांशी ठरलं होतं.

फिल्म काढताना कोपऱ्यात आपलं शिशाचं इंग्रजी अक्षर ठेवायचं. ते पांढरं उमटतं आणि फिल्म कुणी काढली ते कळतं. शिकणाऱ्यांनाही आपापलं अक्षर मिळे. काका मात्र पहिल्याच दिवशी ते काढून घेत आणि स्वतःचा ‘के’ हातावर ठेवत. “हात बसेपर्यंत माझं अक्षर लाव.” माझी पहिली चांगली फिल्म निघाली, तिच्यावरही ‘के’. मला रडू आलं. डबा खाताना आम्ही मुली कुजबुजत असू, “काकाले नावाची लय हौस हाय.”

एकदा मी वापरलेली पेटी कोरी समजून पुन्हा लावली. डार्करूमच्या लाल उजेडात, पाण्यातून फिल्म वर आली ती दोन माणसांची. चांदूर बाजारच्या एका आजोबांच्या बरगड्यांत एका शाळकरी मुलीच्या बरगड्या गुंफलेल्या. जणू दोघं एकाच श्वासात उभी होती. शिकणाऱ्याच्या तीन फिल्म बिघडल्या की त्याला घरी पाठवत, आणि ही माझी तिसरी होती.

काकांनी ती उजेडाला धरून बराच वेळ पाहिली. “काहून रडून राहिली? दोघंबी किती छान उभे हायेत.” मग बाहेर जाऊन त्या दोघांना म्हणाले, “माझ्याकडून फोटो बिघडला जी. पुन्हा एकडाव काढू.”

मला कुणी घरी पाठवलं नाही. काकांनी दवाखान्याच्या साहेबांकडे शब्द टाकला असेल, असं मी धरून चालले. वर्षाअखेर अकोल्याच्या डिप्लोम्याचा अर्जही त्यांनीच आणून दिला. “हात बसला तुहा. आता कागद घे. बिनकागदाच्या मानसाचा पगार वाढत नाई, पोरी.”

गेल्या हिवाळ्यात काका गेले. मी बडनेऱ्याला काकूंना भेटायला गेले तेव्हा त्या चहा ठेवत होत्या आणि मी खिडकीपाशी उभी होते. वरच्या तावदानात माझ्या बिघडलेल्या फिल्ममधली ती दोघं होती. कोपऱ्यात पांढरा ‘के’. शेजारच्या फिल्मवर ‘के’. खालच्या सगळ्यांवर ‘के’.

“सगळ्यात जास्त खराब फिलमा तुह्या काकाच्याच नावावर,” काकू म्हणाल्या. “दरसाल पगारवाढीच्या टायमाले साहेब वही दाखवे. मी म्हनलं, सांगून टाका ना, कोनाच्या हायेत त्या. तर म्हने, त्या पोरायचं आता कुठं सुरू होऊन राहिलं.”

ऊन कलत गेलं तशी ते आजोबा आणि ती मुलगी फरशीवरून सावकाश चालत माझ्या पावलांवर आली.

“तुही असंन तर काढून ने,” काकू म्हणाल्या.

मी काढली नाही.

आता अकोल्यात, जठारपेठेतल्या आमच्या सेंटरवर फिल्म नाही आणि शिशाची अक्षरंही नाहीत. संगणकावर आधी आपलं नाव टाकायचं, मग फोटो. बिघडलेला प्रत्येक फोटो त्या नावावर जमा होतो. परवा एक नवी मुलगी शिकायला आली.

“मॅडम, नाव कोनाचं टाकू?”

“माझंच टाक,” मी म्हणाले. “हात बसेपर्यंत.”

दुपारी पडद्याआडून तिचा आवाज आला. फोनवर मैत्रिणीला सांगत होती, “आमच्या मॅडमले नावाची लय हौस दिसते बाप्पा.”