आधी बंद पडून दाखव

बिघडलेलं यंत्र डोळ्यांदेखत पुन्हा बिघडल्याशिवाय हर्षला त्याला हात लावत नसे. समोर ठेवायची, मांडी घालायची आणि म्हणायची, "आधी बंद पडून दाखव. मंग बघू." ऑफिसात माझ्या शेजारी बसणारी ही चौक गावची कोळ्याची पोर. तिचं काम उत्तम आहे, हे कुणी विचारलं तर मी सांगायचो. न विचारता कधी सांगितलं नाही.

बाबांची नजर अधू झाली तेव्हा मी त्यांच्यासाठी तळहाताएवढा लिनक्सचा कॉम्प्युटर तयार केला, पुस्तकातली अक्षरं मोठी करून दाखवणारा. बाबा दोन पानं वाचत, चहा घेत, परत बटण दाबत आणि पडदा गोठायचा. "झोपलं तुझं डबडं," ते म्हणायचे. मी बॅटरी बदलली, सगळी सिस्टीम नव्याने घातली. प्रोसेसर कायम हळू ठेवला तर ते बंद पडत नसे, पण पान उलटेपर्यंत बाबांना डुलकी लागे. शेवटी नाक मुठीत धरून हर्षलाला बेव्हर्ली पार्क वसाहतीतल्या आमच्या घरी बोलावलं.

तिने सुके बोंबील बाबांच्या हातात दिले आणि यंत्र बंद पडायची वाट बघत बसली. तोवर दोघांच्या गप्पा. माझ्याशी हवापाण्यापलीकडे न बोलणारे बाबा तिला, आईशी लग्न कसं जमलं ते सांगत होते. मला ते माहीत नव्हतं. माझ्या पोटात दुखायला लागलं ते तेव्हापासून.

असे काही रविवार गेले. मग एकदा म्हणाली, "काका, हा वाचताना न्हाय मरत. जागा होताना मरतो." आराम करणारा प्रोसेसर बटण दाबताच एकदम पूर्ण वेग धरायचा आणि त्या वेगाला लागणारी वीज मागाहून पोचायची. "आमचा बाबा होडीच्या थंड इंजिनाला एकदम रेस देत न्हाय. याला पण आधी वीज, मंग वेग." तिने क्रम बदलला आणि डबडं सुरळीत चालू लागलं. "शाब्बास, हर्षू!" बाबा म्हणाले. मला त्यांनी कधी लाडाचं नाव ठेवलं नाही.

काम संपल्यावर ती यायची थांबली. मला हायसं वाटलं. बाबा मात्र यंत्र हातात घेऊन नुसतेच बसत.

"बोलावू का तिला?"

"उगाच कशाला त्रास? काम असलं तर गोष्ट वेगळी." मग हळूच म्हणाले, "हे पूर्वीसारखं करता येईल का रे?"

बाबांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. आता मागितलं तेही तिच्यासाठी. मी जळफळत क्रम उलटा केला आणि तिला फोन लावला.

तिने यंत्रात डोकावून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "काका, याचं दुखणं जुनं हाय," मांडी घालत ती म्हणाली. "लय रविवार लागतील." बाबांनी खुशीत मला चहा टाकायला पिटाळलं.

बाबा असेपर्यंत ते दुखणं बरं झालं नाही. बाबा गेल्यावर हर्षला भेटायला आली. यंत्र मांडीवर घेतलं, बंद पडून दाखव असं काही न म्हणता क्रम सरळ केला आणि माझ्या हातात दिलं. "ठेव. आता न्हाय बंद पडणार." आणि हमसून रडायला लागली. मला अजून रडू आलं नव्हतं. मला तिच्या रडण्याचाही हेवा वाटला.