तिच्यासाठी आलेला फोन

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, ज्याच्या शेजारी बसून पंचवीस वर्षं डबा खाल्ला त्या मित्रालासुद्धा नाही. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून कदाचित जमेल. जमेल का? बघू या.

आधी त्यातल्या त्यात सोपं सांगून टाकतो. मला इंग्रजी येत नाही. म्हणजे — वाचता येतं. तळोज्याच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळायचो. चलनं, मालाच्या याद्या, सगळं इंग्रजीतच. पण बोलायची वेळ आली की बोबडी वळायची. बाहेरून कुणी मोठे साहेब आले की मी नेमका मागच्या रॅकजवळ बेअरिंगचे खोके मोजत असायचो. घरी मात्र माझा काय रुबाब! सासुरवाडी उलव्याकडची. जमिनीचा कुठलाही इंग्रजी कागद आला की मेहुणे तो घेऊन करंजाड्याला आमच्याकडे यायचे. "जावयांना दाखवा, त्यांना कळतं." मी चष्मा लावायचो. कळायचं अर्धं, मान डोलवायचो पूर्ण.

सुलभा — माझी बायको — दहावीपर्यंत शिकलेली. मुलगी नोकरीला पुण्याला गेली तेव्हा जाताना आईच्या मोबाइलवर रोजचं इंग्रजी शिकवणारे व्हिडिओ लावून देऊन गेली. एक सर होते. ते वाक्य बोलायचे, मग आपण म्हणायचं. सुलभा भाकरी थापता थापता म्हणायची, "द मिल्क इज बॉइलिंग." दूध तेव्हा फ्रिजमध्ये असायचं. लिफ्टमध्ये कुणी भेटलं की "आफ्टर यू" म्हणून बाजूला व्हायची आणि लिफ्ट निघून जायची. मी तिला चिडवायचो. ती माझ्याबरोबरच हसायची. "मग तुमीच शिकवा ना," म्हणायची.

मी कसला शिकवतोय?

मी काय केलं सांगू? त्याच सरांचे व्हिडिओ मीही बघायला लागलो. स्टोअरमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, एका कानात इअरफोन घालून. ओठ हलवायचे, आवाज काढायचा नाही. मी बाराव्या धड्यावर होतो तेव्हा ती चाळिसाव्यावर होती. तिला वाटायचं, आपण नवऱ्याच्या मागून धावतोय. खरं तर ती कुठल्या कुठे पुढे निघून गेली होती, आणि ते फक्त मला ठाऊक होतं. तिचं कौतुक वाटायला हवं होतं ना? वाटतही होतं — आणि पोटात दुखतही होतं. दोन्ही एकदम.

मग ती एक दिवस आपली आपण पनवेलला एका दातांच्या दवाखान्यात गेली. तिथे समोर बसून पेशंटच्या वेळा लिहायला बाई हवी होती. खळ केलेली निळी साडी नेसून गेली, आणि परत आली तेव्हा चेहरा असा फुललेला की मला आमचं लग्न आठवलं. "डॉक्टरबाईंनी पाच प्रश्न विचारले, इंग्लिशमदी! चार आले मला. पाचव्याला नुसती हसली. त्यापन हसल्या." लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती. घराबाहेरची, तिची स्वतःची अशी ही पहिलीच गोष्ट. ती तिला किती हवी होती, हे मला दिसत होतं. हे मुद्दाम लिहितोय. मला कळलं नव्हतं असं मला म्हणता येणार नाही.

तीन दिवसांनी, शनिवारी सकाळी, ती खाली गिरणीत दळण आणायला गेली होती. तिचा फोन हॉलमध्ये चार्जिंगला. वाजला. मी घेतला.

दवाखान्यातली मुलगी होती. भराभर इंग्रजीत बोलली, तरी मला कळलं — सुलभाला सोमवारपासून बोलावलंय. मराठीत नुसतं "निरोप देतो" म्हटलं असतं तरी झालं असतं. किंवा "पाच मिनिटांनी करा." तेवढंच तर करायचं होतं!

मी म्हणालो, "शी इज नॉट इंटरेस्टेड. थँक यू."

नम्रपणे नकार कसा द्यावा, या धड्यातलं वाक्य. कुठे अडखळलो नाही. आयुष्यात फोनवर बोललेलं माझं पहिलं इंग्रजी वाक्य हेच. मग मी तो कॉल यादीतून पुसला आणि पेपर उघडून बसलो. ती आली तेव्हा तिच्या केसांवर पीठ होतं.

का केलं? आमचं पगारावाचून अडत नव्हतं, आणि घरकामाचं म्हणाल तर ती ते पहाटेच उरकायची. ती दिवसभर इंग्रजी बोलली असती आणि एक दिवस तिला कळलं असतं की आपल्या नवऱ्याला काही येत नाही. एवढंच. एवढ्यासाठी.

पंधरा दिवस ती फोन घेऊन फिरत होती. बाथरूमला जातानाही दाराबाहेर स्टुलावर ठेवायची आणि मला सांगायची, "वाजला तर हाक मारा हां." मी "हो" म्हणायचो. सोळाव्या दिवशी तिनेच विषय मिटवला. "माझं इंग्लिश कमी पडलं असंल, दुसरं काय नाय." मी काय म्हणालो माहीत आहे? "जाऊ दे गं, त्यांना कॉलेजात शिकलेली मुलगी हवी असेल." वर तिच्या पाठीवरून हात फिरवला. माझ्या सगळ्या वागण्यात तो हात मला सर्वांत वाईट वाटतो.

याला चार वर्षं झाली. मी आता निवृत्त आहे. तिने शिकणं सोडलं नाही. हल्ली तिचे धडे वेगळे आहेत — बाई प्रश्न विचारतात आणि थांबतात, आपण आपल्या मनाने उत्तर द्यायचं. सुलभा फोनला खरी उत्तरं देते, घरी आलेल्या पाहुणीला द्यावीत तशी.

गेल्या महिन्यात मी भाजी घेऊन आलो तेव्हा ती ओट्याशी पाठमोरी उभी होती. बाईंनी विचारलं होतं, तुम्हाला कधी नोकरीत नकार मिळालाय का?

"येस मॅडम. वन टाइम. डेंटल क्लिनिक. आय वेटेड. दे डिड नॉट कॉल. माय इंग्लिश वॉज वीक."

आवाजात दुःख नव्हतं. खूप वर्षांपूर्वी आलेल्या तापाबद्दल बोलावं तसं बोलली. मग वळली, मला बघून लाजली.

"बरोबर बोलली का हो मी?"

ती माझ्याकडे बघत थांबली होती. सांगायचं असतं तर याहून सोपी वेळ आली नसती. मी म्हटलं, "हो, बरोबर." ती खूश झाली. मी पिशवी खाली ठेवली आणि गवार मोडत बसलो.