राशीवर एक म्हणत नाहीत

माझी मुलगी चार वर्षांची होईपर्यंत आठवडाभर पेडगावला सासू-सासऱ्यांकडे असायची आणि मी परभणीत फायलींजवळ. नवरा मानवतला जिनिंगमध्ये. हंगामात तो घरी फक्त झोपायला यायचा, आणि येताना डोक्यावर कापूस घेऊन यायचा. शहरात पोरीला सांभाळायला कुणी नव्हतं. शनिवारी संध्याकाळी मी एसटीनं पेडगाव गाठायची आणि सोमवारी ती उठायच्या आत पहिल्या गाडीनं परत. जागी असली की ओढणी सोडत नसे. झोपेत ओढणी सोडवून घ्यायला मी इतकी सरावले होते की खिसेकापू म्हणून माझं चांगलं नाव झालं असतं.

तेवढ्यात माझ्या ऑफिसच्या मागच्या गल्लीत एक इंग्रजी शाळा निघाली. शाळा सुटल्यावर ऑफिस सुटेपर्यंत मुलं सांभाळायची सोय होती. म्हणजे तिथं प्रवेश मिळाला की पोरगी माझ्याजवळ. मला इंग्रजीचं काही कौतुक नव्हतं. त्यांनी तिला अरबी शिकवलं असतं तरी मी चालेल म्हटलं असतं. पण प्रवेशाआधी मुलाखत होती. माझी नाही, तिची. नाकातला शेंबूड जिला अजून वेळेवर कळत नाही तिचं ‘अंकज्ञान’ तपासलं जाणार होतं. मला नोकरी लागताना एवढं कुणी तपासलं नव्हतं, आणि ते ऑफिसात रोज दिसतंच.

मी घाबरले आणि फोनला शरण गेले. फोनमध्ये एक बाई भेटल्या. पांढऱ्याशुभ्र स्वयंपाकघरात उभ्या राहून त्या सांगत होत्या की लहान मुलांना गणित शिकवायला पाटी नको, पुस्तक नको, घरातली रोजची कामं पुरतात. जिना चढताना पायऱ्या मोजा. कपडे वाळत घालताना चिमटे मोजा. जेवायला बसताना पोळ्या मोजा. त्यांच्या ओट्यावर पाण्याचा एक थेंब नव्हता. त्यांच्या घरात रोजची कामं नेमकं कोण करत होतं हे त्यांनी सांगितलं नाही.

त्या शनिवारी मी पेडगावात उतरले ती गणित घेऊनच. आमच्या घराला जिना नाही, एक उंबरा आहे. पोरीला म्हटलं, ओलांडताना मोज. ती ‘एक’ म्हणाली, ओलांडून आत गेली, आणि पायऱ्यांचा धडा संपला. चिमटे कुणाच्याच घरी नाहीत. दोरीच्या पिळात कपड्याचं टोक खुपसतात आणि वारा आला की शेजारच्यांकडून आणतात. राहता राहिल्या भाकरी. मी ताटाशी बसून म्हटलं, ‘‘मोज बरं, आबांनी किती भाकरी खाल्ल्या?’’

सासूबाईंनी चुलीपुढूनच डोळे वटारले. ‘‘काय करायलीस? जेवत्या माणसाच्या भाकरी मोजतेत का कुटं? दीठ लागती.’’

सासऱ्यांना पोरगी आबा म्हणते, मी मामा. मामा भाकरीचा तुकडा हातात धरून तसेच थांबले होते. पुढचा घास घ्यावा की नाही याचा विचार करत असावेत.

मग मी चमच्यांवर आले. दोन चमचे इकडे, तीन चमचे तिकडे. ‘‘सगळे मिळून किती?’’

‘‘लय,’’ पोरगी म्हणाली.

‘‘नीट सांग. दोन आणि तीन?’’

‘‘लय चमचे.’’

शेंगा झाल्या, बटणं झाली, कोंबड्या झाल्या. कोंबड्या एका जागी थांबेनात आणि बेरीज काही होईना. रविवारी संध्याकाळपर्यंत पोरगी अशी झाली की भूक लागली तरी मला भाकर मागेना, आजीच्या कानात जाऊन मागायची. माझ्याकडे मागितलं की मी ‘किती?’ विचारणार हे तिला कळलं होतं. फोनमधल्या बाई म्हणाल्या होत्या, मूल गणितावर प्रेम करू लागेल. इथं मूल माझ्यावरचं प्रेम आवरतं घ्यायला लागलं होतं.

पुढच्या शनिवारी गेले तर ज्वारी घरी आली होती. सोयाबीन, कापूस काट्यावर जातो, पण घरच्या खाण्याची ज्वारी मामा अजून पायलीनं मोजून कोठीत टाकतात. अंगणात रास, मामा उकिडवे, आणि त्यांना खेटून तशीच उकिडवी माझी मुलगी. दोघं एका सुरात मोजत होते. पहिलं माप भरलं की एक नाही म्हणायचं, लाभ म्हणायचं. दुसरं माप भरेपर्यंत लाभ, लाभ, लाभ असं घोकायचं, म्हणजे आकडा सांडत नाही. मग दोन, दोन, दोन. रस्त्यानं कुणी रामराम घातला की मात्र मामांचा आकडा हमखास सांडतो. माझ्यादेखत बारानंतर पंधरा आले. ज्वारीनं तक्रार केली नाही.

पोरगी न अडखळता मोजत होती. मला खरं तर नाचावंसं वाटायला हवं होतं, पण मला शाळेतल्या मॅडम दिसायला लागल्या.

‘‘मामा, तिला लाभ नका शिकवू. एक म्हणायला शिकवा. मुलाखत आहे तिची.’’

‘‘राशीवर एक म्हणत न्हाईत, बाई. एक म्हणलं की एकावरच ऱ्हातंय.’’

‘‘शाळेत लाभ चालत नाही.’’

‘‘मंग कसली म्हणायची ती शाळा?’’ असं म्हणून ते राशीकडे वळले. थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, ‘‘ह्ये जमलं की तिला तिकडंच नेणार का?’’

मी हो म्हटलं. त्यांनी पुढचं माप भरलं. पण संध्याकाळी मूठभर चिंचोके घेऊन ते तिला ओसरीवर घेऊन बसले आणि ‘‘म्हण, एक’’ असं शिकवायला लागले. राशीवर नाही, ओसरीवर. मी दाराआड उभी राहून ऐकलं. आपल्या हातानं ते तिला माझ्याकडे पाठवायच्या तयारीला लागले होते, आणि मला इतकं बरं वाटलं की त्याची लाजच वाटली.

मुलाखतीच्या दिवशी नवऱ्यानं रजा काढली आणि डोकं झाडून आला. मॅडमनी आधी आम्हालाच विचारलं, ‘‘मुलीसोबत क्वालिटी टाइम किती घालवता?’’ नवरा म्हणाला, ‘‘रविवार.’’ त्यांनी ते लिहून घेतलं. मग पोरीसमोर मण्यांची वाटी आणि एक रिकामा ट्रे आला.

‘‘हे सगळे बीड्स काउंट करून इकडे ठेव, बेटा.’’

पोरीनं वाटी पाहिली. ओसरीवरचे चिंचोके वेगळे. हे वाटीत रचून ठेवलेले मणी म्हणजे सरळ सरळ रास होती. तिनं फ्रॉक सावरला, उकिडवी बसली आणि पहिला मणी उचलला.

‘‘लाभ. लाभ, लाभ, लाभ… दोन. दोन, दोन, दोन…’’

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवर रंगवलेल्या सफरचंदाकडे पाहिलं. नऊपर्यंत येऊन ती थांबली आणि हात झटकले. वाटीत एक मणी तसाच होता.

‘‘हा राहिला ना, बेटा.’’

‘‘त्यो न्हाई मोजायचा,’’ पोरगी त्यांना समजावून सांगायला लागली. ‘‘समदी रास उचलायची नस्ती. जराशी ठिवायची. आबा ओरडतेत.’’

नवरा हसला. मी त्याच्या पायावर पाय दिला. मॅडमनी बराच वेळ काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, ‘‘होम एन्व्हायर्नमेंटवर काम करावं लागेल.’’ मला रडू यायला लागलं होतं. पुन्हा सोमवार, पुन्हा पहिली गाडी, पुन्हा झोपेतून ओढणी सोडवणं. हे सगळं मला स्पष्ट दिसत होतं, आणि मॅडमचा मला इतका राग आला होता की तो ट्रे उचलून त्यांच्या सफरचंदावर फेकावासा वाटला.

बाहेर खिडकीवर बसलेल्या कारकुनानं फॉर्म पुढे सरकवला. ‘‘इथं सही करा. सोमवारपासून पाठवा.’’

‘‘म्हणजे झाला प्रवेश?’’

‘‘होणारच की. अर्धे बाक रिकामे आहेत, ताई. मुलाखत सगळ्यांचीच घेतो, पण अजून कुणाला नाही म्हटलेलं नाही. एक जण मुलाखतीला आलाच नव्हता, ताप होता. त्यालाही घेतलं.’’

म्हणजे मी चार वर्षांच्या पोरीला भाकर मागायची चोरी केली, म्हाताऱ्या माणसाला ‘एक’ म्हणायला लावलं, ते सगळं रिकामे बाक भरण्यासाठी. तरीही मी सही केली, आणि अशी घाईनं केली की ती ऑफिसातल्या सहीशी जुळणार नाही.

तिचे कपडे आणायला आम्ही त्याच संध्याकाळी पेडगावला गेलो. मामा ओसरीवरच होते, सासूबाई दारात. मामांनी ‘‘काय झालं?’’ म्हणून विचारलं ते पोरीला, आम्हाला नाही.

‘‘मला घेतलं!’’ ती त्यांच्या मांडीवर चढली. ‘‘आता मी तिकडं ऱ्हाणार. मी, आई, बाबा.’’ तिनं एका हाताची तीन बोटं वर केली. ‘‘आन् हितं तुमी आन् आजी.’’ दुसऱ्या हाताची दोन. मग दोन्ही हात शेजारी आणून ती ओठ हलवत बघत राहिली आणि ओरडली, ‘‘तीन आन् दोन पाच!’’

चमचे, बटणं, कोंबड्या यांच्यावर जी बेरीज आली नव्हती ती अशी आली. तिनं शाबासकीसाठी माझ्याकडे पाहिलं. सासूबाई आत निघून गेल्या होत्या. मी दोरीवरचे तिचे कपडे काढायला लागले.

शेवटी मामाच बोलले. त्यांनी तिची तीन बोटं एका मुठीत धरली, दोन दुसऱ्या मुठीत, आणि म्हणाले, ‘‘बरुबर हाय, माय. शाबास.’’