पालीची साक्ष

लोणंदहून आमच्या पठारावर गाद्या-पलंग आणणाऱ्या एका टेम्पोवाल्याचं प्रत्येक वाक्य 'आवं'नं सुरू होतं. मी इथल्या दगडाखालच्या पालींचा अभ्यास करतो. एकदा त्याला तसली एक दाखवली आणि म्हटलं, "सामानातून घरातली पाल वर आली, की हिची जागा बळकावते." तेव्हापासून निघण्याआधी तो गाडीचा कोपरान्‌कोपरा झाडतो.

परवा मला बघताच त्यानं टेम्पो थांबवला. "आवं सर, आज गाडीत एकबी पाल न्हाई!"

मागं गाद्यांतून आवाज आला, चुक चुक चुक.

पाल चुकचुकली म्हणजे बोललेलं खरं. सवयीनं त्यानं दारावर बोट वाजवलं. "बगा, खरं हाय!" आणि तोंड तसंच उघडं राहिलं.

मग त्यानं टेम्पो वळवला. अख्खा घाट उतरला, खाली एकेक गादी झटकली आणि संध्याकाळी घामाघूम होऊन परत आला.

"सापडली?"

"व्हय. गॅरेजात सोडली."

"सोडली? मारायची नाही का!"

"आवं, मारू कशी? खोटं मी बोललो, ती न्हाई."