फोटोपुरती ट्यूब

शाळेत वेळ उरला तर शिकवायचं, असं आता आम्हा शिक्षकांना सांगावं लागत नाही, आपोआपच होतं. कधी स्वच्छता, कधी पाणी वाचवा, कधी झाडं लावा. प्रत्येक उपक्रमाची शपथ वेगळी, हात पुढे करायची तऱ्हा तीच. पूर्वी मला या सगळ्याचा राग यायचा. हल्ली फक्त दमायला होतं.

त्या वर्षी वीज बचत आली. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, स्टाफरूममध्ये येऊन योजना सांगितली. प्रत्येक वर्गात एक वीजदूत नेमायचा, त्याच्या खिशावर हिरवा बिल्ला लावायचा. एका वर्गाच्या दूताने दुसऱ्या वर्गात डोकावायचं. दिवसा ट्यूब जळताना दिसली की त्या वर्गाचा गुण कापायचा. आठवडाभर ज्याचे गुण शाबूत, त्याच्या दारावर हिरवा झेंडा.

आमचा आठवीचा वर्ग तळमजल्यावर. शाळा भाईंदर पश्चिमेची, मुर्धा गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. एकेकाळी आमच्या खिडकीतून मिठागरावरचा पांढरा उजेड आत यायचा, डोळे दिपायचे म्हणून पडदे मागितले होते मी. मग समोर टॉवर उभा राहिला. आता खिडकीत दुसऱ्यांच्या बाथरूमचे पाइप दिसतात आणि वर्गात दिवसभर संध्याकाळ असते. वरच्या मजल्यावरच्या वर्गांना अजून खाडीचा उजेड फुकट मिळतो. हे मी मोठ्या बाईंना सांगितलं. "नियम सगळ्यांना सारखा हवा ना," त्या म्हणाल्या. मी वाद घातला नाही. वाद घालायलाही अंगात जीव लागतो.

वीजदूत म्हणून मुलांनी एकमुखाने एका मुलीचं नाव घेतलं. मुर्ध्याची, कोळ्यांची पोर. उंच, म्हणून शेवटच्या बाकावर बसणारी. बोलायला कमी, पण सांगितलेलं काम चोख. बिल्ला लागला त्या दिवसापासून वर्गातली ट्यूब म्हणजे तिची जबाबदारी झाली. मी आत यायच्या आधी ट्यूब बंद झालेली असे. वरच्या वर्गांतली मुलं पंखे, दिवे चालू ठेवून खाली खेळायला पळायची आणि गुण घालवायची. आमचा वर्ग अंधारात शिस्तीत बसायचा. त्यामुळे झेंडा आमच्या दारावर आला तो हलेचना. मुलं इतकी फुशारली की मधल्या सुट्टीत इतरांना झेंडा दाखवायला घेऊन यायची. मी फळ्यावर अक्षरं मोठी काढायला लागले, तेवढंच.

सहामाहीत त्या मुलीचे मार्क घसरले. गणित, विज्ञान, सगळ्यातच. तिची आई शाळेत आली. बाजारात मासे विकते, टोपली गेटपाशी ठेवून आत आली होती. खुर्ची दिली तरी बसली नाही.

"बाई, पोर शिकत न्हाय काय?"

"हुशार आहे हो. लक्ष कुठे असतं कळत नाही."

"शिकत नसंल तर बाकडं कशाला अडवायचं? दिवाली झाली का माज्यासंगती बाजारात बसंल. मला पन हाताखाली मानूस पायजेच हाय."

ती रागाने बोलली असती तर मी काही समजावलं असतं. ती साधं बोलत होती, आज भरतीला किती वेळ आहे ते सांगावं तसं. दिवाळी तोंडावर होती. मी मुलीला बोलावून दोन शब्द सुनावले. तिने मान खाली घालून ऐकून घेतलं आणि जाऊन ट्यूब बंद आहे ना ते पाहिलं.

मग शिक्षण विभागाकडून निरोप आला, उपक्रमाचे फोटो पाठवा. सगळ्यात जास्त आठवडे झेंडा टिकवणारा वर्ग आमचा, म्हणून फोटोही आमचाच. मी मोबाइलवर काढून पाठवला. लगेच उत्तर आलं की फोटोत काहीच दिसत नाही, नुसता काळोख आहे. खरंच होतं ते. बंद ट्यूबचा वर्ग बंद ट्यूबमध्ये दिसणार कसा?

मोठ्या बाई स्वतः खाली आल्या. "ट्यूब लावा ना, फोटोपुरत्या."

वीज वाचवण्याचा फोटो घ्यायला म्हणून आम्ही चारी ट्यूब लावल्या. वर पंखेही लावले, मुलं घामेजलेली दिसू नयेत म्हणून. वर्गात खसखस पिकली. मलाही हसू आलं, पण दमलेलं. मग हात पुढे, शपथ, फोटो. "बाई, अजून एक घ्या," पुढचा पोरगा ओरडला. अजून एक घेतला.

स्टाफरूममध्ये बसून फोटो बघत होते. सगळे हात सरळ पुढे आलेले. फक्त शेवटच्या बाकावर एक डोकं खाली वाकलेलं. माझं टाळकंच सरकलं. हीच का ती वीजदूत? दुसरा फोटो पाहिला, त्यातही तेच. बोटांनी फोटो मोठा केला. पोर लिहीत होती. फळ्यावर मी सकाळी काढलेली आकृती ती उतरवून घेत होती, भराभर, ट्यूब बंद व्हायच्या आत.

तिला बोलावलं. "एरवी फळ्यावरचं दिसत नाही तुला?"

"दिसतं, बाई. ऊन टॉवरच्या वर आलं का दिसतं."

"आणि तोपर्यंत?"

"बाजूवालीचं बघून लिहिते. ती चुकली का माझं पण चुकतं."

"मग सांगायचं नाही?"

"झेंडा गेला असता, बाई."

मी उठले आणि वर्गात जाऊन ट्यूब लावली. पोरीला पुढच्या बाकावर बसवलं. "आजपासून ही जळणार," मी म्हणाले. वर्गात कालवा झाला. "बाई, असं काय करताय! आपला झेंडा!" सोमवारी झेंडा वरच्या मजल्यावर गेला. मोठ्या बाई माझ्याशी आठवडाभर तुटक बोलल्या. पोरं तर त्या मुलीशी बोलेनाशीच झाली होती. ती मात्र मधल्या सुट्टीत सगळे बाहेर पळाले की मागे राहून ट्यूब बंद करायची, आणि सुट्टी संपली की आधी येऊन लावायची. बिल्ला तिने काढला नव्हता.

दिवाळीची सुट्टी संपली आणि पहिल्याच दिवशी गेटवर फ्लेक्स लागला. 'वीज वाचवा' आणि खाली आमचा फोटो. फ्लेक्सवाला दोऱ्या आवळत होता. मी जवळ जाऊन पाहिलं. शेवटचा बाक नव्हता.

"पीछे का काट दिया, मॅडम," तो खुशीत म्हणाला. "एक बच्ची का हाथ ही नहीं था. अभी देखो, सब बराबर है."

तेवढ्यात मुलीची आई आली. बाजाराची वाट गेटवरूनच जाते. डोक्यावरची टोपली उतरवून तिने फोटो न्याहाळला. या कडेपासून त्या कडेपर्यंत, मग पुन्हा उलट.

"बाई, माजी पोर कुठं हाय यात?"

"यात नाही. आत वर्गात आहे."

"आत काय करते?"

"लिहितेय."

तिने तळमजल्यावरच्या खिडकीकडे पाहिलं. ट्यूब चालू होती, पुढच्या बाकावरचं डोकं वाकलेलं इथूनही दिसत होतं.

"मंग ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. चुंबळ नीट केली, टोपली डोक्यावर घेतली आणि एकटीच बाजाराकडे निघाली.